मानेचं ट्रॅक्शन घरी लावायचं म्हणतोय, नागपूरकरांनी अनुभव सांगावेत

बेसाकर
नमस्कार मंडळी. मान धरली होती, तिचं आता हातावर आलंय. उजव्या खांद्याच्या मागून कळ निघते, दंडातून उतरते आणि अंगठा आणि पहिल्या बोटात मुंग्या येत राहतात. रात्री कूस बदलली की जाग येते. उजवा हात डोक्यावर ठेवून बसलं की बरं वाटतं, पण बँकेच्या काउंटरवर तसं बसता येत नाही.

एमआरआय झाला. सी5-सी6 मधली (मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली) गादी उजवीकडे सरकून नस दबलीये असं आलं. सर्जन म्हणाले, आत्ता ऑपरेशनचा विषय नाही, फिजिओ करा. धंतोलीत जातो. तिथे पाठीवर झोपवून मशीनने मान ओढतात आणि ओढ लागली की कळ थांबते. अगदी थांबते. पण तिथून स्कूटरने बेश्याला येईपर्यंत मानेवर एवढे गचके बसतात की घरी पोचेस्तोवर अर्धं दुखणं परत आलेलं असतं. रोज सुट्टी मिळत नाही, ते वेगळंच.

म्हणून घरी लावायचं किट घ्यावं असं डोक्यात आहे. मेडिकल चौकातल्या सर्जिकलच्या दुकानात विचारलं. त्याने तीन प्रकार दाखवले: दाराला अडकवायचं पाण्याच्या पिशवीचं (डोक्याला पट्टा, त्याची दोरी दारावरच्या कप्पीवरून, दुसऱ्या टोकाला पिशवी), पलंगाला लावायचं वजनाचं आणि गळ्यात घालून हवा भरायचा पट्टा. कोणी वापरलंय का? कोणतं घ्यावं? एकट्याने लावणं सुरक्षित आहे का?

महालकर
भाऊ, मी पाण्याच्या पिशवीवालं वापरलेलं आहे. माझा डावा हात असाच झाला होता, मधलं बोट बधिर अन् हात सरळ करून काही ढकलायला गेलं की जोरच लागत नव्हता. सी6-सी7 निघालं. डॉक्टरांनीच किट लिहून दिलं, फिजिओने एकदा समोर बसवून लावून दाखवलं, मग घरी सुरू केलं. आराम पडला. लगेच नाही पडला, पण पडला.

एक सांगतो. किट आणलं अन् त्याच दिवशी दाराला लटकवलं, असं करू नका. आमच्या जुन्या वाड्यातलं दार जाड लाकडाचं, त्यावर तो लोखंडी हूक बसेच ना. शेवटी सुताराकडून चौकटीत मजबूत हूक मारून घेतला. फ्लॅटचं दार असेल तर हूक अडकवल्यावर दार पुरतं लागतं की नाही हे आधी पाहा. दार लागलं पाहिजे अन् आतून कडी घातली पाहिजे. मान अडकलेली असताना पलीकडून पोराने दार ढकललं तर काय होईल, याचा विचार करा.

रायडर_सदर
हवा भरायचा पट्टा घ्या ना, स्वस्त पडतो. मी ऑनलाइन मागवला होता. टीव्ही पाहता पाहता लावता येतो.

अस्थिसंधी
मी फिजिओथेरपिस्ट आहे, बरीच वर्षं मानेचे आणि कमरेचे पेशंट पाहते. जरा सविस्तर लिहिते.

बेसाकर दादा, हात डोक्यावर ठेवल्यावर बरं वाटतं हे तुम्ही आपणहून लिहिलंत, त्यावरूनच पुष्कळ कळतं. हात वर गेला की दबलेल्या नसेवरचा ताण सैल पडतो, म्हणून कळ कमी होते. पेशंट असा हात डोक्यावर ठेवूनच आत आला की दुखणं नसेचं असावं हा पहिला अंदाज आम्ही बांधतो. मग चार गोष्टी तपासतो. मान दुखऱ्या बाजूला कलवून वरून हलका दाब दिला तर कळ हातात उतरते का? दोन्ही हातांनी डोकं धरून अलगद वर ओढलं तर ती कमी होते का? हात विशिष्ट पद्धतीने ताणला तर मुंग्या वाढतात का? आणि त्या बाजूला मान 60 अंशांपेक्षा कमी वळते का? चारही गोष्टी जुळल्या तर नस मानेतच दबलीये याची बऱ्यापैकी खात्री होते.

यातली दुसरी तपासणी म्हणजेच ट्रॅक्शनची चाचणी. हाताने ओढल्यावर ज्याला आराम पडतो, त्याला किटने आराम पडण्याची शक्यता असते. ज्याला हाताने ओढल्यावर काही वाटत नाही किंवा उलट वाढतं, त्याने किटवर पैसे घालू नयेत. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची फक्त मान आखडलेली असते, हातात काही उतरत नसतं. दिवसभर मान खाली घालून मोबाइल, नाहीतर जाड उशी. त्यांना शेक, व्यायाम आणि बसण्याची पद्धत सुधारणं पुरतं. शेजाऱ्याला गुण आला म्हणून यांनीही दाराला पिशवी लावायचं कारण नाही.

तुम्हाला मशीनवर आराम पडतो, म्हणजे ही चाचणी झालेलीच आहे. तुम्ही घरी करायला हरकत दिसत नाही. पण तुमच्या फिजिओला किट दाखवून, त्यांच्यासमोर एकदा लावूनच सुरुवात करा. मी तुम्हाला तपासलेलं नाही.

आता प्रकार. हवेचा पट्टा मी कोणालाही सुचवत नाही. तो खालून खांद्यांवर रेटा देतो आणि वरून जबड्याला उचलतो. ओढ किती लागतेय हे मोजायला काही नाही, पंप दाबत जायचं आणि अंदाज करायचा. त्यात गळ्याच्या पुढच्या बाजूला दाब येतो, जिथून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या जातात. शिवाय नसेची वाट मोकळी व्हायला मान थोडी पुढे झुकलेली लागते. हा पट्टा हनुवटी वर उचलतो, म्हणजे नेमकं उलट.

पलंगाचं किट चांगलं, कारण झोपल्यावर मानेचे स्नायू सैल असतात. पण दोरीचा कोन आणि वजनाचा अंदाज घरच्यांना नीट जमायला हवा. दाराचं किट लावायला सोपं आणि वजन मोजायला त्याहून सोपं, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. एक लिटरची बाटली घेऊन पिशवी भरली की किती झालं ते कळतं. पिशवीवर खुणा असतात, तरी पहिल्यांदा बाटलीनेच भरा.

रायडर_सदर
ताई, माझा पट्टा लावला की कानाखाली जबडा दुखतो, ते यामुळेच का?

अस्थिसंधी
हो. बंद करा. दुखणं हातात उतरतं का तुमच्या?

रायडर_सदर
नाही, फक्त मान. रोज कामठी रोडने बाइकवर असतो.

अस्थिसंधी
मग एकदा कोणाला तरी नीट दाखवून घ्या. ट्रॅक्शन तुमच्यासाठी नाही असंच मला वाटतं.

बेसाकर
ताई, मनापासून धन्यवाद. दाराचं घेतो. फक्त एक शंका आहे. मशीनवर मला सहा किलो लावतात. घरीही सहाच भरू का?

अस्थिसंधी
बरं झालं विचारलंत, इथेच गडबड होते.

माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. तुम्ही झोपलेले असता तेव्हा डोकं गादीवर टेकलेलं असतं, म्हणून मशीनची ओढ थेट मानेला मिळते. बसलेले असता तेव्हा पहिले चार-पाच किलो डोक्याचं वजन तोलण्यातच जातात, मणके सुटे व्हायला त्यानंतर सुरुवात होते. म्हणून झोपून सहा आणि बसून सहा हे सारखे नाहीत. ‘तीन किलो लावलं, काहीच झालं नाही’ असं लोक म्हणतात, ते त्यामुळे.

पण म्हणून पहिल्याच दिवशी आठ किलो भरायचे नाहीत. तीन-चार किलोपासून सुरू करा. त्या वजनाला जबडा, कान, डोकं काही दुखत नाही ना हे पाहा. ठीक असेल तर दर दोन-तीन दिवसांनी अर्धा लिटर वाढवा. बहुतेक पिशव्या नऊ किलोच्या आसपास संपतात आणि त्याच्या पुढे घरी जायचंही नाही. ज्या वजनाला हातातली कळ थांबते तिथेच थांबा. जास्त वजन लावलं की जास्त लवकर बरं होतं असं नसतं. मानेचे स्नायू उलट आवळतात आणि नंतर डोकं धरतं.

बसायचं दाराकडे तोंड करून. याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते, कारण पुष्कळ जण दाराला पाठ लावून बसतात, टीव्ही दिसावा म्हणून. पाठ केली की दोरी डोकं मागे ओढते आणि नसेची वाट अरुंद होते. तोंड दाराकडे, गुडघे दाराजवळ, पाठ खुर्चीला टेकलेली, पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले. मग मान आपोआप वीसेक अंश पुढे झुकते. सी5-सी6 आणि सी6-सी7 साठी तेवढाच कोन लागतो.

कापडी पट्ट्याला दोन भाग असतात, हनुवटीखालचा आणि डोक्यामागचा. ओढ मागच्या भागाने घ्यायला हवी. मागची पट्टी कवटीच्या खालच्या कडेला, जिथे बोटाला हाड लागतं, तिथे बसवा आणि तीच आधी आवळा. हनुवटीची पट्टी सैल, नुसती डोकं सांभाळण्यापुरती. दातांमध्ये घडी केलेला स्वच्छ रुमाल धरा, म्हणजे जबड्यावर भार येत नाही. कवळी असेल तर ती काढायची नाही. काढली तर जबडा जास्त मिटतो आणि सांध्यावर ताण येतो.

आधी दहा मिनिटं, पुढे पंधरा. वीसच्या वर नाही. काढताना पिशवी एका हाताने उचलून धरत ओढ हळूहळू सोडायची, झटकन नाही. सोडल्यावर दोन-पाच मिनिटं तिथेच बसून राहा. लगेच उठलं तर घेरी येऊ शकते. त्यानंतर लगेच गाडी चालवायची नाही. पहिले काही दिवस घरात कोणीतरी हाकेच्या अंतरावर असू द्या. आणि त्यात झोपू नका.

महालकर
ताईंनी रुमालाचं सांगितलं ते एकदम खरं. अजून एक, उन्हाळ्यात घामाने पट्टा भिजतो अन् हनुवटीखाली साल निघते. मी पट्ट्याला जुन्या धोतराचं मऊ फडकं गुंडाळत होतो.

नंदनवन
नमस्कार. माझ्या आईला पण मानेचा त्रास आहे. तिला संधिवात आहे, बोटांचे सांधे वाकलेले, बरीच वर्षं गोळ्या सुरू आहेत. मागच्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी त्यांचं किट आणून दिलं, म्हणाल्या लावा, माझं दुखणं गेलं. आई म्हणते उद्यापासून लावून पाहू. चालेल ना?

अस्थिसंधी
लावू नका. कृपा करून आजच आईंना सांगा.

बोटं वाकवणाऱ्या संधिवातात, ज्याला आमवात म्हणतात, मानेच्या अगदी वरच्या दोन मणक्यांना बांधून ठेवणारा अस्थिबंध झिजून सैल होऊ शकतो. पेशंटला ते जाणवतही नाही. तिथे ओढ दिली तर मणका सरकून थेट मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. आधी त्यांच्या संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. ते मान वाकवून आणि सरळ ठेवून असे वेगवेगळे एक्स-रे काढायला सांगतील. तोवर मालिश नाही, मान कडकड मोडून घेणं नाही.

आणखीही काही जणांनी किटच्या वाटेला जाऊ नये. हाडं ठिसूळ झालेली वयस्कर मंडळी, नुकताच अपघात झालेला असेल किंवा गाडीत मानेला झटका बसलेला असेल तर ते, मानेचं ऑपरेशन झालेलं असेल ते, कॅन्सरचे पेशंट, मणक्यात जंतुसंसर्ग झालेले (आपल्याकडे मणक्याचा टीबी कमी नाही), मानेतल्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले आणि बीपी आटोक्यात नसलेले. ताप, वजन उतरणं, रात्री न थांबणारं दुखणं यातलं काही सोबत असेल तर आधी डॉक्टर.

नंदनवन
बाप रे. काकूंना किट परत करते. खूप आभार ताई.

गणित_मास्तर
थोडा वेगळा मुद्दा. मला असं वाटतं की या दुखण्यात बहुतेक जण दोन-तीन महिन्यांत तसेही बरे होतात. मग बरं झालं ते ट्रॅक्शनने की वेळेने, हे कसं कळायचं? लोक पिशवी लावतात, दिवस जातात, दुखणं ओसरतं, श्रेय पिशवीला.

अस्थिसंधी
सर, मुद्दा बरोबर आहे. सरकलेली गादी पुष्कळदा आपोआप आकसते आणि नसेची सूज उतरते. म्हणून तर सर्जनही थांबायला सांगतात.

ट्रॅक्शनवरचे अभ्यास एकसारखे बोलत नाहीत. 2008 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही संस्था एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासते) असं निघालं की बाजूने किंवा विरोधात ठामपणे सांगावं इतका पुरावाच नाही. 2014 साली अमेरिकेत हातात कळ उतरणाऱ्या 86 पेशंटचे तीन गट केले: नुसता व्यायाम, व्यायाम आणि दाराचं किट, व्यायाम आणि झोपून मशीनचं ट्रॅक्शन. उपचार चार आठवडे. सहा महिन्यांनी मशीनचा गट बाकी दोघांपेक्षा पुढे होता. म्हणजे दाराचं किट मशीनची बरोबरी करत नाही, हे मी पेशंटला आधीच सांगते. ज्याला मशीनपर्यंत रोज पोचता येत नाही त्याच्यासाठी ते आहे. आणि तिन्ही गटांत व्यायाम होता, हे विसरायचं नाही.

माझं मत असं: पिशवीने गादी जागेवर बसत नाही. ओढ असते तोवर नसेला जागा मिळते, कळ थांबते, आणि त्या आधाराने माणूस रात्री झोपतो, व्यायाम करू शकतो, गोळ्या कमी होतात. ज्याची झोप उडालीये त्याला विचारा याची किंमत. पण दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर पिशवी उतरवून ठेवावी, वर्षभर लावत बसू नये.

एमआरआयचंही तसंच. जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या 1211 लोकांचे एमआरआय काढले, तर 87.6 टक्के लोकांत कुठेतरी गादी फुगलेली निघाली. म्हणून नुसता रिपोर्ट हातात घेऊन किट घ्यायला जाऊ नका. हातातली लक्षणं आणि रिपोर्टमधली जागा जुळायला हवी. बेसाकर दादांचं जुळतं: सी5-सी6 ला सहावी नस, आणि ती अंगठा-तर्जनीकडे जाते.

गणित_मास्तर
पटलं. धन्यवाद.

कोराडी_रोड
ताई, धागा वाचत वाचत इथवर आलो अन् वडिलांचं आठवलं. वय 68. त्यांची मान फार दुखत नाही, पण हात बधिर वाटतात म्हणतात. शर्टाची बटणं लावायला खूप वेळ लागून राहिला. सही बिघडली, बँकेने परत पाठवली. अन् चालताना चप्पल पायातून निसटते, त्यांना कळतच नाही, चार पावलं पुढे जाऊन आई सांगते. ओळखीच्या एकाने मानेला वजन लावा म्हणून सांगितलं आहे.

अस्थिसंधी
वजन लावू नका. हे नसेचं नाही, मज्जारज्जूवर दाब असल्याचं लक्षण वाटतंय. चप्पल निसटणं, बटणं न लागणं, अक्षर बिघडणं हे वयाचं म्हणून सोडून देतात आणि वेळ जातो. मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं का, लघवीवर ताबा आहे का, तेही विचारा. याच आठवड्यात मणक्याच्या सर्जनला किंवा न्यूरोसर्जनला दाखवा. खाजगीत जमत नसेल तर मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जा, पण जा. लघवी अडली किंवा पाय लटपटायला लागले तर त्याच रात्री इमर्जन्सी.

महालकर
कोराडी भाऊ, ताई म्हणतात तसं करा, उशीर नका करू. सोबत कोणी लागलं तर सांगा, मी मेडिकलच्या ओपीडीत येतो. सकाळी लवकर गेलं पाहिजे, नाहीतर चिठ्ठीच्या लाइनीतच दुपार होते.

कोराडी_रोड
काका, फार बरं वाटलं. सोमवारी जातो.

धरमपेठ_वाचक
बेसाकरांना एक सुचवतो. धंतोलीला स्कूटरने जाण्यापेक्षा जयप्रकाश नगरला मेट्रो पकडा, काँग्रेस नगरला उतरा. गचके वाचतील. आठवड्यातून दोनदा मशीन आणि बाकी दिवस घरी किट, असं करता येईल.

अस्थिसंधी
फार चांगली सूचना. आणि उन्हाळा आहे, तर कूलरमध्ये बादल्या उचलून पाणी भरणं बंद करा. उजव्या हाताने भरलेली बादली खांद्याच्या उंचीला नेणं या नसेला अजिबात चालत नाही. नळाला पाइप लावा.

बेसाकर
अपडेट देतो. दाराचं किट घेतलं, फिजिओंकडे नेलं. त्यांनी मागची पट्टी कुठे बसते ते बोट लावून दाखवलं, माझ्याकडून दोनदा लावून घेतलं. आमच्या बेडरूमच्या दाराला वर फट नव्हती, हूक अडकवल्यावर दार लागेना, मग हॉलच्या दाराला लावलं.

सुरुवातीच्या वजनाला नुसतं डोकं हलकं वाटत होतं. हळूहळू वाढवत साडेसहा लिटरला आलो आणि तिथे अंगठ्यातल्या मुंग्या थांबल्या. तिथेच थांबलो. संध्याकाळी जेवणाआधी लावतो, बायको स्वयंपाकघरात असते. एकदा हनुवटीची पट्टी जास्त आवळली गेली तर रात्री घास चावताना कानापाशी दुखलं. दुसऱ्या दिवशी सैल केली, गेलं.

मेट्रोने जातो. हनुवटी आत ओढायचा आणि खांद्याची पाती जवळ आणायचा व्यायाम सुरू आहे. कूलरला पाइप लावला. आता कुशीवर झोपता येतं. अंगठ्याच्या टोकाला थोडी बधिरता आहे, फिजिओ म्हणाले ती सगळ्यात शेवटी जाते.

कोराडी_रोड
वडिलांचा एमआरआय झाला. दोन ठिकाणी मज्जारज्जू दबलेला आहे. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं अन् तारीखही मिळाली. मानेला वजन लावायचं म्हटलं होतं हे सांगितल्यावर ते म्हणाले, लावलं नाही ते फार बरं केलं. अस्थिसंधी ताई, महालकर काका, तुमचे उपकार विसरणार नाही. काका दिवसभर थांबले होते.

महालकर
उपकार कसले बापा. ऑपरेशनच्या दिवशी पण येतो. रक्त लागेल का ते विचारून ठेव, आमच्या गल्लीतले पोरं तयार आहेत.

अस्थिसंधी
ऑपरेशननंतर फिजिओ लवकर सुरू करा, चालण्याचा आणि बोटांचा व्यायाम. काही अडलं तर इथेच विचारा.

बेसाकर
फिजिओंनी आता पिशवी बंद करायला सांगितली आहे, व्यायाम चालू ठेवायचा. किट चांगल्या स्थितीत आहे. ज्यांना डॉक्टरांनी किंवा फिजिओने लिहून दिलंय त्यांनी मला मेसेज करावा, बेश्याहून घेऊन जा, पैसे नकोत. चिठ्ठीचा फोटो मात्र पाठवा. हूक, कप्पी, दोरी आणि पिशवी देईन. कापडी पट्टा नवा घ्या, दुकानात सुटा मिळतो.